मौजे मंगलाष्टक, कडवी पाच

आपण लिहिलेलं मंगलाष्टक भलत्याच कुणाच्या लग्नात लाउडस्पीकरवरून ऐकू आलं, तर गृहस्थाने काय करावं हे धर्मशास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही. मी गुरुजींना विचारून खात्री करून घेतली आहे. त्यामुळे बीड बायपासवरच्या त्या लॉन्समध्ये मी जे केलं त्याला वेंधळेपणा म्हणा, अधर्म म्हणता येणार नाही.

लग्न ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं होतं. मी मुठीत अक्षता घेऊन उभा होतो, शेजारी आमच्या सौ. सुलेखा. स्टेजवर सोनियाताईंचा मंगलाष्टक ग्रुप होता. सध्या शहरात याच ग्रुपची चलती आहे. एकाच रंगाच्या पैठण्या नेसलेल्या बायका, सोबत कीबोर्ड, आणि प्रत्येक 'सावधान'नंतर असा काही ठेका की वऱ्हाडातल्या पोरांचे खांदे आपोआप हलावेत. मी पहिली दोन कडवी नाक मुरडत ऐकली. हल्ली मी बहुतेक गोष्टी तशाच ऐकतो. तिसऱ्या कडव्यात ओळ आली :

'ते विश्वंभर देति आशिष शुभा, आत्या उभी मागुती.'

विश्वंभर हे माझे मेहुणे. आत्या ही माझी सख्खी आत्या. आमच्या मुलीच्या, वैदेहीच्या लग्नासाठी हे मंगलाष्टक मी स्वतः रचलं होतं. तिथून ऐकून ते कुणी उतरवून नेलं कोण जाणे. शार्दूलविक्रीडितात नातेवाईक बसवणं म्हणजे शेअर रिक्षात नातेवाईक बसवण्यासारखंच. एकाला आत घेतलं की दुसऱ्याचा पाय बाहेर. सुयशभाऊजी काही केल्या बसले नाहीत, ते अजून बोलत नाहीत. विश्वंभर मात्र जागच्या जागी चपखल बसले. आयुष्यात मेहुण्यांचा मला झालेला तो एकमेव उपयोग.

आणि आता त्या परक्या मांडवात, जिथे सात पिढ्यांत कुणी विश्वंभर झाला नसेल, तिथे आमचे विश्वंभर आशीर्वाद देत होते आणि कुणाला काहीही वाटत नव्हतं!

"थांबा!" मी ओरडलो. "हे माझं आहे!"

माझं बोट सोनियाताईंकडे होतं. पण बोट आणि सोनियाताई यांच्या मधोमध अंतरपाट होता, आणि अंतरपाटाच्या अलीकडे नवरदेव. तो पांढराफटक पडला. वधूची आई मटकन खाली बसली. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "कोण, मुलगा यांचा?" दुसरे लगेच म्हणाले, "पहिलीपासूनचा असेल." साउंडवाला धावत आला, "चाचा, जरा बाजू हो जाव ना, लाइव चालू है." सुलेखाने मला दंडाला धरून थेट पार्किंगमध्ये नेलं. आम्ही न जेवता परतलो. याची नोंद मुद्दाम करतो, कारण जेवणात बासुंदी होती.

संध्याकाळी समाचाराला शेजारचे पुंजाराम आले. पुंजाराम मूळचे शेतकरी, आता चितेगावच्या कारखान्यात सुपरवायझर. सोबत त्यांची मुलगी प्रेरणा होती. ती नुकतीच वकिली करू लागली आहे आणि बोलताना अजून समोरच्याचं ऐकून घेते.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंत त्याच क्षणी त्याचा कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी केली नाही तरी तुमचाच. पण उद्या भांडायची वेळ आली तर तोंडी सांगून कोण ऐकणार? नोंदणी असली की सरकारी दप्तरात लेखक म्हणून तुमचं नाव. कोर्ट आधी तुमचं धरून चालतं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. कुणाला म्हणायचं असेल तर तुम्हाला विचारायचं. आणि हा हक्क तुमच्या हयातीत तुमचा, तुमच्यानंतर साठ वर्षं मुलांचा."

माझ्यानंतर साठ वर्षं! मी जन्मभर पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहिल्या. मजकूर माझा, सही साहेबांची. माझ्या टिपण्यांवर साहेबांना बढत्या मिळाल्या, एकाला तर पदक मिळालं. आयुष्यात वरपासून खालपर्यंत माझं असं एवढंच होतं, पाच कडव्यांचं. ते कुणी दुसऱ्याचं म्हणून गावं याचं मला खरोखर वाईट वाटत होतं. रागावण्याचं सोंग मी त्यावर नंतर चढवलं.

"मी नाशिकला मैत्रिणीच्या लग्नाला चालले आहे. आले की ऑनलाइन अर्ज भरू," प्रेरणा उठत म्हणाली. "तोवर कृपा करून काहीही करू नका."

ती गेली आणि पुंजारामांनी खुर्ची पुढे ओढली.

"पोरीला कायद्यातलं कळतं, पर नोंदीतलं नाय कळत. नोंद म्हंजी काय? सातबारा! भावकीच्या दाव्यात तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या मी. सातबाऱ्यावर ज्याचं ज्याचं नाव, त्याची त्याची संमती. तुमच्या मंगलाष्टकात नावं कोनाकोनाची हायेत?"

"विश्वंभर. आणि आत्या, पण तिचं नाव नाही, नुसतीच आत्या."

"नाव नसलं तरी कब्जा हाय ना? मंग दोघं बी हिस्सेदार. त्यांच्या सह्या पायजेत. आन् त्याच्या आधी पेपरात जाहीर प्रगटन. त्याबिगर नोंद पक्की होतच नाय."

वाटणीच्या दाव्यात पुंजारामांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि तिथे मिळवलेली विद्या कुणाला तरी द्यावी अशी त्यांना तळमळ होती. मजकूर त्यांना तोंडपाठ होता. मी फक्त 'शेतजमीन' म्हटलं की तिथे 'मंगलाष्टक' लिहीत गेलो. दोन दिवसांनी तो स्थानिक पेपरात छापून आला :

'जाहीर प्रगटन. तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे सिडको येथील रहिवासी व्यंकटराव यांच्या मालकी व कब्जेवहिवाटीतील मंगलाष्टक, एकूण कडवी पाच, ज्याची चतुःसीमा पूर्वेस गणेशवंदना, पश्चिमेस सावधान, उत्तरेस वधूपक्ष व दक्षिणेस वरपक्ष येणेप्रमाणे, त्यातील झाडझाडोरा व जाण्यायेण्याच्या हक्कांसह त्यांच्या नावे नोंदविणे आहे. तरी त्यावर कुणाचा वारसा, गहाण, दान, बक्षीस, पोटगी वा अन्य हक्क असल्यास पुराव्यानिशी कळवावे. अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल.'

खाली वकील म्हणून पुंजारामांनी प्रेरणाचं नाव घालायला लावलं होतं. छापून आलं तेव्हा मला ते फार भारदस्त वाटलं. सुलेखा म्हणाली, "झाडझाडोरा?" मी म्हटलं, कायद्याची भाषा असते.

त्याच दिवशी दारात कडुबा नावाचे एक प्लॉटचे एजंट उभे राहिले. "साहेब, मंगलाष्टक एन.ए. झालंय का? रोडटच हाय का आत हाय? गिऱ्हाईक तयार हाय, जाग्यावर बयाना." मी त्यांना हे काव्य असल्याचं सांगितलं. ते डोळा मारून म्हणाले, "असू द्या की, पैले समदे असंच सांगतेत." जाताना उत्तरेच्या वधूपक्षाचा नंबर मागत होते. त्यांच्यामागून आलेल्या एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं असं की, शार्दूलविक्रीडित हे वृत्त त्यांच्या घराण्यात आजोबांपासून वापरात आहे, तेव्हा माझी नोंद झाली तर त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता बंद होईल. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

सह्यांसाठी मी दोन्ही हिस्सेदारांना निरोप धाडले होते. आधी विश्वंभरमामा आले. सुलेखाचे हे थोरले बंधू, फर्दापूरला त्यांचं लॉज आहे. ते सोफ्यावर बसले नाहीत. हिस्सेदार म्हणून आल्याने बहुधा जमिनीवर बसणं त्यांना योग्य वाटलं असावं.

"व्यंकटराव, सही मी करीन. पण त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय? नुसता आशीर्वाद! वैदेहीच्या लग्नात फेटे कुणी आणले? वऱ्हाडाची बस बंद पडली तेव्हा ढकलायला कोण होतं? ते कुठाय?"

"अहो मामा, ते वृत्तात बसत नाही."

"मग मोठं वृत्त घ्यायचं! घरच्या कार्यात काटकसर कशाला?"

तेवढ्यात रिक्षातून यमुनाआत्या उतरली. आत्याने ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. ती वेरूळला राहते आणि एसटीने एकटी फिरते. तिने पायरीवरूनच सुरुवात केली.

"व्यंकटा, मी मागं उभी होते का रे? माझे गुडघे तुला ठाऊक नाहीत? मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. गादीची खुर्ची! एवढी वर्षं मला वाटलं गाण्यात काहीतरी चांगलं असेल. आज पेपर वाचून सुनेला विचारलं तर म्हणे, आत्या उभी मागुती. माझ्या तोंडावर मला मागं उभं केलंस!"

मी घाईघाईने तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवली : 'आत्या पुढे बैसली.' अक्षरं अगदी मोजून तेवढीच, वृत्तालाही कुठे धक्का नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आत्या प्रसन्न झाली. पण मामा ताडकन उठले. "कुणाच्या पुढे? माझ्या? म्हणजे मी आशीर्वाद देतोय आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून ह्या?" दोघंही सही न करता आणि एकमेकांकडे न बघता निघून गेले. रिक्षा मात्र एकच मिळाल्याने दोघांना बसस्टँडपर्यंत एकत्र जावं लागलं.

प्रेरणा नाशिकहून परतली ती तो पेपर हातात घेऊनच घरात शिरली.

"काका, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

पुंजाराम आमच्या तुळशीचं निरीक्षण करू लागले.

"यात नाव आलं म्हणून कुणाची सही लागत नाही! ही काय जमीन आहे? आणि बघा, त्या सोनियाताईंनी प्रगटन वाचून मला लेखी कळवलंय. मंगलाष्टक पारंपरिक आहे, त्यांच्या आजीकडून आलंय, तुम्ही नोंदणीचा अर्ज केलात तर त्या हरकत घेणार. झोपलेल्यांना तुम्हीच पेपर वाजवून उठवलंत."

"मग आता?"

"अर्ज मी आज भरते. हरकत आली तर मात्र हे वैदेहीताईच्या लग्नासाठी तुम्हीच लिहिलं होतं असं सांगणारी माणसं लागतील. मामा आणि आत्या सगळ्यात चांगले. त्यांचीच नावं आत आहेत ना? ह्या बाईंच्या आजीकडे विश्वंभर कुठून येणार?"

"ते दोघं रुसलेत. ओळ बदलली तर येतील."

"काका, एक अक्षर बदलायचं नाही! तुमच्या त्या ओळीवरून तर हे तुमचं आहे हे कळतं. ती गेली की तुम्ही गेलात."

म्हणजे ओळ बदलावी तर पुरावा जातो, न बदलावी तर साक्षीदार जातात. मी दोघांनाही फोन केले. मामा म्हणाले, "आत्यांना विचारा." आत्या म्हणाली, "मागं उभ्या असलेल्या बाईला कशाला विचारतोस?"

याच सुमारास आमच्या शंतनूचं लग्न ठरलं. मुलगी ओवी, गुणी, पैठणची. सगळं छान चाललं असताना तिच्या वडिलांचा फोन आला. "व्यंकटराव, तुम्हाला एक सरप्राइज. संभाजीनगरातला सगळ्यात गाजलेला मंगलाष्टक ग्रुप बुक केलाय, सोनियाताईंचा. त्यांचं एक मंगलाष्टक आहे, तिसऱ्या कडव्याला माणसं डोळे पुसतात."

आधी मला आनंद झाला. माणसं डोळे पुसतात! मग संताप आला. माझ्याच मुलाच्या लग्नात माझंच मंगलाष्टक त्या बाईंच्या आजीचं म्हणून गायलं जाणार, आणि मी वरबाप म्हणून फेटा बांधून ते गोड मानून घेणार. पण व्याह्यांना काय सांगायचं? वरबापाने लग्नाआधी चोरीची तक्रार केली तर लोक आधी हुंड्याबिंड्याचा संशय घेतात.

सुलेखाने मला देवासमोर बसवलं. "शंतनूची शपथ घ्या. त्या दिवशी काहीही कानावर पडलं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. मागच्या वेळी तो बिचारा नवरदेव हनिमूनलासुद्धा घाबरत घाबरत गेला म्हणे."

मी शपथ घेतली. अपमान गिळायची मला सवय होती, सरकारी नोकरी केली होती. पण रात्रंदिवस तीच ओळ डोक्यात घोळत होती आणि जेवण जात नव्हतं. सुलेखाला ते दिसत होतं. तिने वांग्याचं भरीत दोनदा केलं.

लग्नाच्या दिवशी मामा आणि आत्या दोघंही आले. रुसवा रुसव्याच्या जागी, कार्य कार्याच्या जागी. दोघंही पहिल्या रांगेत, मधे एक खुर्ची रिकामी ठेवून बसले. अंतरपाट धरला गेला. मी शपथेला जागून ओठ घट्ट मिटले. सोनियाताईंनी सुरुवात केली. पहिलं कडवं माझं, दुसरंही माझं. तिसरं सुरू झालं तसे मामा सावरून बसले. आत्याने पदर नीट केला. परक्यांच्या मांडवात ज्यांची नावं आजवर गाजली, ते दोघं आज पहिल्यांदाच खुद्द हजर होते.

आणि सोनियाताई गायल्या, 'सारे सज्जन देति आशिष शुभा, सारे उभे मागुती!'

प्रगटन वाचून त्यांनी शहाणपणा केला होता. आमची माणसं काढून टाकली होती! वृत्त मात्र तसूभर हललं नव्हतं, हे कबूल केलंच पाहिजे.

"थांबवा!" मामा गरजले. "सारे सज्जन कोण? इथे मी आहे! विश्वंभर! मी हयात आहे!"

"आणि मी कुठाय?" आत्या गुडघ्यांवर हात रोवून उठली. "बाई गं, मागं मी उभी होते! माझ्या वैदेहीच्या लग्नात, मी स्वतः, माझ्या दोन पायांवर!"

"आत्याबाई, तुम्ही तर खुर्चीवर..." मामांच्या तोंडून निघून गेलं.

"गप्प बसा हो! ओळीत उभी आहे ना? मग उभी होते!"

सोनियाताईंचा कीबोर्डवाला गडबडून पुढचा ठेका वाजवू लागला. अंतरपाटाच्या दोन बाजूंनी शंतनू आणि ओवी डोकावून बघत होते. गुरुजी हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवत होते. ओवीच्या वडिलांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी ओठ मिटून उभा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी बहुधा मुलाच्या लग्नाचं समजून घेतलं.

मामांनी माईक हातात घेतला आणि तिसरं कडवं मूळ शब्दांत म्हणायला सुरुवात केली. मामांना सूर ठाऊक नाही. पण त्यांना अक्षर न् अक्षर पाठ होतं. चौथ्याला आत्या मिळाली, पाचव्याला वैदेही आणि आमच्याकडची सगळी माणसं. सुयशभाऊजी, ज्यांचं त्यात नावही नाही, तेही खड्या आवाजात म्हणत होते. शेवटचं 'सावधान' एवढं जोरात झालं की लॉन्सबाहेरची घोडी बिथरली. लग्न लागलं. दोन मिनिटं उशिरा लागलं, पण गुरुजी म्हणाले, पंचांगात तेवढं चालतं.

"अहो, पण हे आहे कुणाचं?" ओवीच्या वडिलांनी विचारलं.

"व्यंकटरावांचं!" आमची अख्खी बाजू एका आवाजात ओरडली. सुलेखा सगळ्यांत पुढे होती. तिने शपथ घेतली नव्हती.

प्रेरणा तोवर व्हिडिओवाल्याला गाठून "सगळं रेकॉर्ड झालं ना?" विचारत होती. ते रेकॉर्डिंग, मामांचं म्हणणं आणि आत्याचं म्हणणं (त्यात ती उभी होती असंच लिहिलं आहे) तिने सोनियाताईंना दाखवलं. त्यांनी हरकत घेतलीच नाही. अर्ज पुढे सरकला आणि काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. लेखक म्हणून माझं नाव. पुंजारामांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "लई झ्याक. पर चतुःसीमा नाय टाकली."

मग एक दिवस फोन वाजला. सोनियाताई. त्यांना काय सुनवायचं ते मी केव्हापासून तयार करून ठेवलं होतं. त्यात दोन संस्कृत वचनंही होती.

"सर, गंगापूरला लग्न आहे. तुमचं मंगलाष्टक म्हणायचं होतं. तुमची परवानगी..."

"हो, हो, म्हणा ना!" मी म्हणालो. त्यांचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं. "आम्ही ऐकायला आलो तर चालेल का?"

फोन ठेवला तर सुलेखा बघत होती. "एवढ्यासाठी सगळं केलंत?"

"हो," मी म्हटलं. "कुणीतरी विचारावं म्हणून."

गंगापूरला आम्ही तिघं गेलो. तिसरे मामा. आपलं नाव आहे म्हटल्यावर आमंत्रण लागत नाही, असं त्यांचं मत आहे. त्यांनी फेटा बांधून घेतला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. वधूपक्ष त्यांना वरपक्षाचा समजत होता, वरपक्ष वधूपक्षाचा. सोनियाताईंनी सुरू करण्याआधी माईकवर माझं नाव घेतलं. पंगतीकडे नजर लावून बसलेल्या त्या गर्दीत ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मी ऐकलं.

तिसऱ्या कडव्याला शेजारच्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "हे विश्वंभर कोण हो? आमच्यात तर कुणी नाही."

समोर मामा हात जोडून उभे राहिले होते आणि चौफेर मान लववत होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"असं होय! आणि हे लिहिलं कुणी?"

मी काही बोलायच्या आत सुलेखा माझ्यावरून पुढे वाकली. "यांनी," ती म्हणाली. "हे माझे मिस्टर. हेच ते."

गृहस्थांनी मला नमस्कार केला. मी दोन्ही हातांनी केला. 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, नवरानवरीने एकमेकांना हार घातले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या अक्षता टाकायच्याच राहून गेल्या होत्या.